लॉकडाऊनमध्ये घरी तब्येत आणि डोकं दोन्ही जागेवर कसं ठेवायचं

घरात बंद राहायची वेळ आली की पहिले काही दिवस बरे जातात. कपाटं आवरून होतात, राहिलेली झोप भरून निघते, बघायच्या राहिलेल्या सिरीज संपतात, आणि मग एक सकाळ अशी येते की अकरा वाजलेत, अजून ब्रश केलेला नाही आणि आज वार कोणता तेही मोबाईल बघूनच कळतंय. खरी काळजी इथून पुढे घ्यायची असते, कारण ही घसरण इतकी हळू होते की ज्याची होते त्याला ती दिसत नाही.

हे नुसतं मनाने सांगत नाहीये. मॉस्कोमध्ये २०१० ते २०११ या काळात मार्स-५०० नावाचा प्रयोग झाला होता, मंगळाच्या प्रवासाची नक्कल म्हणून सहा जणांना ५२० दिवस एका बंद जागेत ठेवलं होतं. सगळे पारखून निवडलेले, तंदुरुस्त, ट्रेनिंग घेतलेले लोक. तरीसुद्धा महिने जात गेले तसतशी त्यांची हालचाल कमी होत गेली, पडून राहण्याचा वेळ वाढला, बहुतेकांची झोप या ना त्या प्रकारे बिघडली आणि एकाचं झोपेचं चक्र तर २४ तासांचं २५ तासांवर गेलं, म्हणजे बाकीचे जागे असताना हा झोपलेला आणि बाकीचे झोपलेले असताना हा जागा. निवडक लोकांचं हे होतं तर आपलं होणारच, त्यात आळशीपणाचा प्रश्न नाही. एरवी ऑफिस, शाळा, बसची वेळ, भेटणारी माणसं या गोष्टी दिवसाला खुंट्या ठोकून देतात आणि दिवस त्यावर टांगलेला राहतो. घरी बसल्यावर त्या सगळ्या निघतात, म्हणून त्या आपण स्वतः ठोकायच्या. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यासाठीच आहे आणि ते याच क्रमाने करा, कारण पहिलं जमलं तर पुढचं सोपं जातं.

पहिलं: उठायची वेळ पक्की करा

बरेच जण रात्री लवकर झोपायचं ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण झोप ठरवून येत नाही. उठणं मात्र ठरवता येतं. म्हणून एक वेळ धरा, समजा सात, आणि रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सातला उठा, रविवारी पण. दोन-तीन दिवस जड जातील, मग रात्री आपोआप वेळेवर डोळे मिटायला लागतात. मोठ्या माणसाला साधारण सात ते नऊ तास झोप लागते, त्या हिशोबाने वेळ निवडा.

उठल्यावर पहिल्या तासाभरात बाल्कनीत, गच्चीवर, अंगणात किंवा निदान उघड्या खिडकीपाशी १५-२० मिनिटं थांबा. घरातल्या दिव्याचा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो पण तो असतो काही शे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), आणि बाहेर ढगाळ असलं तरी उजेड हजारांत असतो, आणि शरीरातलं घड्याळ या उजेडावरच लागतं. अजून एक, बंद काचेमागे बसून ऊन घेतलं तर उजेड मिळेल पण ड जीवनसत्त्व मिळणार नाही, त्यासाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. ऊन अंगावर घ्यायचं असेल तर काच उघडा.

दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद करून बघा, कॅफिनचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायलाच पाच-सहा तास जातात, त्यामुळे संध्याकाळची कॉफी रात्री अकरालाही काम करत असते. दुपारची झोप हवीच असेल तर २०-३० मिनिटं, अलार्म लावून. आणि पलंगावर बसून ऑफिसचं काम अजिबात नको, पलंग फक्त झोपायला. रात्री झोप येत नसेल तर तळमळत पडू नका, उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाले की परत या.

दुसरं: हालचाल, आणि ही सगळ्यात महत्त्वाची

माणसाला वाटतं आपण व्यायाम करत नव्हतोच, मग घरी बसल्याने काय फरक पडणार. फरक पडतो, कारण स्टेशनपर्यंत चालणं, जिने चढणं, बाजारातून पिशव्या आणणं, ऑफिसमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर जाणं ही सगळी हालचाल न मोजता होत असते आणि ती एका दिवसात शून्यावर येते. स्नायू वापरले नाहीत की लवकर उतरतात, म्हाताऱ्या माणसांचे तर फारच लवकर उतरतात आणि परत यायला कितीतरी जास्त वेळ घेतात. तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी व्हायचा धोकाही वाढतो. अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर रोज साधारण दोन तास व्यायाम करतात ते हौस म्हणून नाही, नाही केला तर हाडं आणि स्नायू झिजतात म्हणून.

आपल्याला दोन तास लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम आणि जोरदार ओळखायला घड्याळ-बिड्याळ काही लागत नाही, व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम, आणि चार शब्द बोलले की दम लागतो म्हणजे जोरदार.

आता प्रत्यक्षात काय करायचं. खाली दिलेल्यासाठी एक खुर्ची, एक भिंत आणि सतरंजीएवढी जागा पुरे.

आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला, गुडघे हळूहळू वर घ्या, खांदे फिरवा. मग खुर्चीवरून हात न टेकवता उठा आणि बसा, दहा वेळा, बसताना धपकन बसू नका, सावकाश खाली या कारण ताकद तिथेच तयार होते. मग भिंतीवर पुश-अप्स, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, दहा. जमायला लागलं की भिंतीऐवजी ओट्यावर हात टेका, मग खुर्चीवर (खुर्ची भिंतीला टेकलेली असू दे, नाहीतर सरकते), आणि शेवटी जमिनीवर. मग पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचला, बारा वेळा, दिवसभर बसणाऱ्यांच्या पाठीसाठी हा फार उपयोगी आहे. मग टाचा उचला, पंधरा वेळा. शेवटी प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं, जितके सेकंद नीट जमेल तितकेच, कंबर खाली लोंबायला लागली की थांबायचं. हे सगळं मिळून एक फेरी झाली, एक मिनिट थांबून दुसरी आणि जमलं तर तिसरी. एक दिवसाआड करा. मधल्या दिवशी घरातल्या घरात चाला, फोनवर बोलताना तर बसायचंच नाही असा नियमच करा, किंवा बिल्डिंगचा जिना मोकळा असेल आणि परवानगी असेल तर जिना चढा, गाणी लावून नाचलात तरी ते व्यायामातच धरलं जातं.

दर आठवड्याला थोडं वाढवा, दोन वेळा जास्त किंवा एक फेरी जास्त, एकदम उड्या मारायला जाऊ नका. छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथल्या तिथे थांबा आणि डॉक्टरांना विचारा. अंगात ताप असताना व्यायाम नाहीच, आणि आजारातून उठल्यावर आधी घरात चालणं, मग हळूहळू बाकीचं.

आणि व्यायाम केला म्हणून उरलेले दहा तास बसून राहायला हरकत नाही असं नसतं. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, पाणी लांब ठेवा म्हणजे उठावंच लागेल.

तिसरं: हवा आणि हात

श्वासातून पसरणाऱ्या आजारात बंद खोलीतली साठलेली हवा हा मोठा धोका असतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार एकाच वेळी उघडलं तर हवा खेळती राहते, एकच खिडकी असेल तर पंखा तिच्याकडे तोंड करून ठेवा म्हणजे आतली हवा बाहेर जाते. साधा एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे एसी लावून सगळं बंद करून चारजण एका खोलीत बसणं टाळा. घरात कोणी बाहेरून काम करून येत असेल तर हे जास्तच पाळा.

हात साबणाने निदान २० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. साबण नसेल तेव्हा ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेला सॅनिटायझर, पण हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सॅनिटायझर लावून लगेच गॅसजवळ जाऊ नका, पूर्ण वाळू द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सफाईच्या उत्साहात ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, किंवा ब्लीच आणि अमोनियावालं लिक्विड कधीही एकत्र करू नका. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल पडलं की क्लोरीन वायू तयार होतो, अमोनिया पडला की क्लोरामाइन, आणि बंद बाथरूममध्ये हे फुप्फुसांना गंभीर इजा करतात. आणि भाज्या-फळं ब्लीचने किंवा साबणाने धुवायची नाहीत, वाहतं पाणी पुरतं.

चौथं: खाणं

इथे फार सांगण्यासारखं नाही. खाण्याच्या वेळा ठरवा, कारण घरी भूक कमी आणि कंटाळा जास्त खायला लावतो. हालचाल कमी झालीय तर तेवढंच खाऊन चालणार नाही, पण प्रथिनं कमी करू नका, कडधान्यं, दूध, अंडी, जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात थोडं तरी हवं, नाहीतर वर सांगितलेल्या व्यायामाचा बराच फायदा जातो. दारू वेळ घालवायला म्हणून सुरू करू नका, तिने झोप लागते असं वाटतं पण रात्रीच्या दुसऱ्या भागातली झोप ती मोडते. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि पावडरी यांच्यामागे पैसे घालवण्यापेक्षा झोप आणि व्यायाम सांभाळा. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, फिट्स यांची औषधं मात्र दोन-तीन आठवड्यांची हाताशी हवीत, आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाहीत.

पाचवं: दिवस भरायचा कसा

मोठी चूक होते ती इथे, की लॉकडाऊन लागला म्हणून लोक एकदम चार गोष्टी शिकायला घेतात, एक भाषा, गिटार, कोडिंग, चित्रकला, आणि दहाव्या दिवशी एकही चालू नसते आणि वर मनाला टोचणी. तीनच गोष्टी निवडा. एक हाताची, एक डोक्याची आणि एक दुसऱ्या कोणासाठी.

हाताची म्हणजे ज्यात काहीतरी समोर तयार होतं किंवा दुरुस्त होतं. शिवणकाम, विणकाम, कुंडीतली रोपं, मोडलेलं स्टूल, जुने फोटो लावणं, स्वयंपाकातला एखादा नवा प्रकार. स्क्रीनवर दिवसभर काम केलं तरी संध्याकाळी हातात काही दिसत नाही, म्हणून हाताच्या कामाने जे समाधान मिळतं ते घरी बंद असताना जास्तच लागतं.

डोक्याची गोष्ट एकच घ्या आणि तिचे लहान तुकडे करा. 'इंग्रजी सुधारायचं' हे काम नाही, 'आज एक पान मोठ्याने वाचायचं आणि अडलेले पाच शब्द वहीत लिहायचे' हे काम आहे. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी काढलेली पोमोडोरो पद्धत इथे छान चालते, २५ मिनिटं टायमर लावून एकच काम, मग पाच मिनिटं उठायचं, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. फोन त्या वेळात दुसऱ्या खोलीत, नुसता उलटा ठेवून भागत नाही.

तिसरी गोष्ट लोक सोडून देतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. शेजारच्या एकट्या आजींना रोज ठरलेल्या वेळी फोन, भाच्याला व्हिडिओ कॉलवर गणित शिकवणं, कोणाचं ऑनलाईन बिल भरून देणं, असं काहीही. आपली कोणीतरी वाट बघतंय हे माहीत असलं की माणूस उठतो, दात घासतो, केस विंचरतो. कॉलची वेळ मात्र ठरलेली हवी, 'कधीतरी करू' म्हटलं की तो होत नाही.

घरून काम करत असाल तर कामाची जागा एकच ठेवा आणि काम संपल्यावर लॅपटॉप बंद करून नजरेआड करा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येऊ दे, लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून वेगळा कीबोर्ड लावला तरी मानेचं दुखणं बरंच कमी होतं. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघा, आणि मुद्दाम पापण्या मिटा, कारण स्क्रीन बघताना आपण त्या कमी मिटतो.

बातम्या दिवसातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या वेळी, भरवशाच्या ठिकाणाहून. झोपायच्या आधी तर नकोच. साथीच्या काळात खऱ्या-खोट्या माहितीचा जो पूर येतो तोही साथीसारखाच पसरतो, आणि ग्रुपवर आलेलं औषध पुढे ढकलण्याआधी ते कोणी सांगितलंय आणि कधीचं आहे एवढं तरी बघा.

मुलं आणि ज्येष्ठ

मुलांना पूर्ण दिवसाचं टाइमटेबल करून भिंतीवर लावलं की तीन दिवसात भांडणं सुरू. त्यापेक्षा चार वेळा पक्क्या ठेवा, उठणं, अभ्यास, दंगा आणि झोप, मधला वेळ त्यांचा. दंगा हा लिहून ठेवलेला हवा, उशांचे अडथळे, दोरीउड्या, आंधळी कोशिंबीर. घरकामातलं एक काम पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा, झाडांना पाणी घालणं किंवा कपड्यांच्या घड्या, आणि नीट नाही झालं तरी मागून जाऊन परत करू नका. त्यांनी आजाराबद्दल विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा, टाळलं की ती जास्त घाबरतात.

ज्येष्ठांसाठी खुर्चीवरून उठ-बस आणि ओट्याला धरून एका पायावर दहा-दहा सेकंद उभं राहणं हे रोज हवंच, पडण्याचा धोका यानेच कमी होतो. त्यांना सगळं हातात देऊ नका. भाजी निवडणं, हिशेब लिहिणं, पाणी भरणं त्यांना करू द्या, काळजीपोटी आपण त्यांना बसवून ठेवतो आणि तिथेच नुकसान करतो.

घरात कोणी आजारी पडलं तर

त्या माणसाला वेगळी, खिडकी उघडी राहील अशी खोली द्या. बाथरूम एकच असेल तर आजारी माणसाने शेवटी वापरावं आणि नंतर बराच वेळ खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवावा. काळजी घेणारा शक्यतो एकच, दोघांनाही मास्क. वही करा आणि सकाळ-संध्याकाळ ताप, ऑक्सिजन आणि नाडी लिहा, डॉक्टरांशी फोनवर बोलताना ही वही सगळ्यात कामाला येते.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, बोटं गरम असू द्या, नेलपॉलिश काढा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना कळवा, ९० च्या खाली म्हणजे वाट बघायची नाही. फुप्फुसाचा आधीचा आजार असेल तर तुमचा नेहमीचा आकडा किती असायला हवा ते डॉक्टरांना विचारून ठेवा. धाप लागणं, छातीत दाब, गोंधळल्यासारखं बोलणं, जागं ठेवता न येणं, ओठ निळसर पडणं यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, लगेच हॉस्पिटल.

पॅरासिटामॉल घेताना सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षात ठेवा, दोन्ही मिळून मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, लिव्हरचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉईड मनाने सुरू करायचं नाही. कोविडच्या वेळी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या औषध चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचा फायदा दिसला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांना, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना तो दिसला नाही.

मन

चिडचिड, कंटाळा, मधूनच रडू येणं हे बंद घरात होतंच, त्यासाठी स्वतःला बोल लावू नका. घरातल्या प्रत्येकाला दिवसात एक तास असा द्या की कोणी हाक मारणार नाही, घर छोटं असेल तर एक कोपरा आणि हेडफोन पुरे. भांडण तापलं की दुसऱ्या खोलीत जा आणि दहा मिनिटांनी परत या, पण परत या.

उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ टिकलं, झोप-भूक पार बिघडली, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी फोनवर बोला. जगणं नको असा विचार आला तर दोन आठवडे सोडा, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि हेल्पलाईनला फोन करा. आणि घरातच कोणी मारहाण करत असेल तर लॉकडाऊनचे नियम तुम्हाला तिथे बांधून ठेवण्यासाठी नाहीत, मदत मागा, बाहेर पडा.

बाहेर पडायची वेळ आली की

पहिल्याच दिवशी जुन्या वेगाने पळायला जाऊ नका. आधीच्या साधारण निम्म्या अंतरापासून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ ठिकाणी या, जिममध्ये वजनंही तशीच. उठायची वेळ ऑफिस सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज १५ मिनिटांनी लवकर करत आणा. आणि पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी आत्ताच वहीत करून ठेवा, मुलांचं चुकलेलं लसीकरण, दुखणारी दाढ, शुगरची तपासणी, चष्म्याचा नंबर, यातलं लसीकरण सगळ्यात आधी उरका.